बावन्नची पाटी

अर्डिस टेस्केच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, सप्टेंबरपासून एक पाटी उभी होती. पांढऱ्या फळीवर काळ्या रंगात नुसता आकडा: ५२. निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळे मार्ल क्रीकमध्ये घरोघरी पाट्या होत्याच, पण त्यांच्यावर माणसांची नावं होती. अर्डिसची पाटी रस्त्याला सरळसुद्धा नव्हती. ती जरा तिरकी ठोकलेली होती, कारण तिला रस्त्यावरच्या कुणाला काही सांगायचं नव्हतं. समोर गेलॉर्ड हॅन्केचं घर होतं, आणि सकाळची कॉफी ओतताना गेलॉर्डला आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसलीच पाहिजे, असं माप घेऊन तिनं खांब पुरला होता.

आमचं विस्कॉन्सिन म्हणजे अमेरिकेतलं काठावरच्या मतांचं राज्य, दर चार वर्षांनी दोन्ही पक्षांचं लाडकं होतं. मधली तीन वर्षं कुणी कुत्रं विचारत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये एका पक्षाची मिलवॉकीहून आलेली तरतरीत मुलगी हातात यादी घेऊन अर्डिसच्या पायरीवर उभी राहिली.

"बाई, हा बावन्न म्हणजे कुठला उमेदवार?"

"मिनिटं," अर्डिस म्हणाली.

मुलीला काही कळलं नाही. तिनं यादीतला पहिला प्रश्न काढला. "बंदुकांच्या कायद्याबद्दल तुमचं काय मत आहे?"

"दारामागे आहे एक. बघायचीय?"

"नको. म्हणजे तुम्ही कायद्याच्या विरुद्ध?"

"असं कधी म्हटलं मी? ज्या दुकानदारानं माझ्या दारुड्या दिराला बंदूक विकली, तसल्यांना आधी आत टाका. मग माझ्याशी बोला."

"आणि सीमेचा प्रश्न?"

"भिंत बांधा. चांगली उंच बांधा. पण पलीकडच्या गोठ्यात सेलसो म्हणून एक जण दूध काढतो. त्याला उचलायला कुणी आलं तर मघाची बंदूक दाराबाहेर येईल, हेही लिहून घे."

मुलगी लिहायची थांबली. दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा टाय लावलेला गृहस्थ आला, त्याचीही तीच गत झाली. दोघांच्या याद्यांमध्ये अर्डिसच्या नावापुढे काय खूण पडली असेल ते देव जाणे. अर्डिसनं मात्र जाताना दोघांनाही एकच प्रश्न विचारला होता. "आमच्या गावाची अँब्युलन्स परत आणणार का?" दोघांनीही देशाच्या भवितव्याबद्दल काहीतरी सांगितलं. दोघांच्याही तोंडावर तिनं जाळीचं दार लावलं.

अर्डिस अडुसष्ट वर्षांची. बावीस वर्षं चीजच्या कारखान्यात जडजड लाद्या उलथण्यात गेली, त्यामुळे मनगटं अजून पुरुषासारखी. तिची मतं ऐकून नवखा माणूस गोंधळायचा. तिचा नवरा नॉर्ब म्हणायचा, "आमच्या हिची मतं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." पण नॉर्बला खरं ठाऊक होतं. त्या चिंध्या नव्हत्या. अर्डिसचं एकेक मत म्हणजे एकेक डूख होता, आणि प्रत्येक डूख कुणाच्या ना कुणाच्या नावावर होता.

नॉर्ब दुधाचा टँकर चालवायचा. चाळीसेक वर्षांपूर्वी तो लांबच्या फेरीवर असताना त्याचा भाऊ पिऊन तर्र होऊन, नवीकोरी बंदूक घेऊन दारावर लाथा मारायला लागला. पोलिसांच्या शेरीफला यायला तास लागला. तो तासभर अर्डिस स्वयंपाकघरात कणीक लाटायचं लाटणं हातात धरून बसली होती. त्या दिवसापासून दारामागे बंदूक आली, शेरीफवरचा विश्वास गेला, आणि ती बंदूक विकणाऱ्या दुकानदाराशी तिनं मरेपर्यंत अबोला धरला. त्याच्या मरेपर्यंत, म्हणजे. मयतीलाही गेली नाही.

कारखान्यात संप झाला तेव्हा मालकानं दक्षिणेकडून स्वस्तातली माणसं भरून आणली आणि अर्डिसची बावीस वर्षं एका चिठ्ठीत संपवली. म्हणून भिंत हवी. तिची बहीण लॉर्ना सतराव्या वर्षी पोटुशी राहिली, तेव्हा चर्चच्या पाळकानं रविवारी भर प्रवचनात तिचं नाव घेतलं. लॉर्ना त्यानंतर गावात कधी परत आली नाही. म्हणून गर्भपाताचं विचारलं की अर्डिस म्हणायची, "पाप आहेच. पण ते त्या बाईचं आणि देवाचं. मधे पाळक नको की सरकार नको." नॉर्बनं स्वतःच्या हातांनी ओसरी बांधली तर कर आकारणाऱ्या साहेबानं घराची किंमत वाढवून ठेवली. म्हणून कर नको. कर म्हटलं की ती पेटायची. इतकी पेटायची की बाकीचं काही दिसेनासं व्हायचं, आणि तिथंच घात झाला.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्याकडे एप्रिलात गावसभा होते. कुणी निवडून दिलेला प्रतिनिधी मध्ये नसतो. गावचे मतदार टाउन हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांवर बसतात, ठराव मांडतात, हात वर करून पास करतात, आणि मग बायकांनी घरून आणलेल्या गोड वड्या आणि कॉफी होते. गेलॉर्ड हॅन्के त्या सभेचा अध्यक्ष, अकरा वर्षांपासून. सरळ माणूस, पण काटकसरीचा किडा. त्यानं ठराव मांडला की गावाची अँब्युलन्स बंद करावी. "जिल्ह्याच्या गावाची आहेच की. वीस मिनिटांत येते. दोन-दोन कशाला पोसायच्या? तेवढाच कर कमी." ठराव पास झाला. अग्निशमनच्या शेडमधली, टेस्केंच्या घरापासून पाच मिनिटांवरची, पांढरी गाडी दुसऱ्या कुणाला तरी गेली.

ऑगस्टमध्ये नॉर्ब टोमॅटोच्या वाफ्यात कोसळला. अर्धांगाचा झटका. अर्डिसची किंकाळी ऐकून पहिला धावला तो गोठ्यातला सेलसो. त्याच्याकडे धड कागदपत्रं नव्हती, पोलिसाची गाडी दिसली तरी तो मक्यात शिरायचा. पण त्या दिवशी सायरन वाजत आले तरी तो नॉर्बचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. तोवर बावन्न मिनिटं झाली होती. जिल्ह्याची गाडी आधी दुसरीकडे गेली होती, मग खणलेल्या पुलापाशी रस्ता चुकली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." पुढचं अर्डिसनं मनातल्या मनात रोज पूर्ण केलं.

नॉर्बचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. गावातला सगळ्यात गप्पिष्ट माणूस, त्याच्या तोंडात दोनच शब्द उरले. "असू दे." भूक लागली तरी असू दे, दुखलं तरी असू दे. विमा कंपनीनं वीस दिवसांनंतर हातपाय चालते करायच्या व्यायामाचे पैसे नाकारले, ते पत्र अर्डिसनं त्याला वाचून दाखवलं, तेव्हाही तो म्हणाला, "असू दे." त्या दिवशी अर्डिसनं ठरवलं की औषधपाणी सरकारनंच फुकट करावं, सगळ्यांचं. करही वाढवू नये आणि औषधही फुकट द्यावं, हे कसं जमायचं असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तो तुमचा प्रश्न. मी चीजवाली."

आणि असू दे तर ती मुळीच म्हणणार नव्हती. तिला एकच हवं होतं. गेलॉर्डनं तो ठराव ज्या तोंडानं मांडला, त्याच तोंडानं, त्याच हॉलमध्ये, सगळ्या गावादेखत तो परत गिळायला हवा होता.

तोवर तिनं त्याला सुखानं एक घास खाऊ दिला नाही. पाटी तर होतीच. चर्चमध्ये ती मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर बसायची. प्रार्थनेनंतर सगळे एकमेकांना शांती असो म्हणत हात मिळवतात, तेव्हा गेलॉर्ड वळून हात पुढे करायचा आणि अर्डिस आपला हात कोटाच्या खिशात घालायची. दर रविवारी. पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी तो आला की ती घड्याळात बघून मोठ्यानं म्हणायची, "झाली का रे बावन्न मिनिटं?" हिवाळ्यात गेलॉर्ड पहाटेच आपला ट्रॅक्टर आणून तिच्या दारापुढचं बर्फ लोटून जायचा, न सांगता. अर्डिस फावडं घेऊन बाहेर यायची आणि ते बर्फ परत वाटेवर ओढायची. वर नॉर्बला सांगायची, "त्याच्या उपकाराच्या वाटेनं मी चर्चलासुद्धा जाणार नाही."

"असू दे," नॉर्ब म्हणायचा.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय."

नोव्हेंबरात मतदान झालं. राष्ट्राध्यक्षाच्या दोन्ही उमेदवारांवर तिचा राग होता, सारखाच. तिनं खाली मोकळ्या ओळीत आपल्या हातानं नॉर्बर्ट टेस्के असं लिहिलं. जोलीन व्हर्बेक, आमच्या गावची कारकून, मतं मोजताना ते बघून हसली. मोजणी बघायला थांबलेली अर्डिस म्हणाली, "हसायला काय झालं? निदान हा कमी बोलेल."

एप्रिल जवळ आला. सभेत उभं राहून गेलॉर्डचाच ठराव त्याला वाचून दाखवायचा, अक्षर न् अक्षर, असं तिच्या मनात होतं. त्यासाठी सभेचं इतिवृत्त हवं. आमच्याकडे कारकुनाचं दप्तर कारकुनाच्या घरीच असतं. अर्डिस जोलीनकडे गेली, तेव्हा जोलीन जेवणाच्या टेबलावर कुत्र्याचे केस विंचरत होती.

"मागच्या एप्रिलचं इतिवृत्त दे."

जोलीनचा हात थांबला. "कशाला उकरतेस, अर्डिस?"

"उकरायला नाही. पुरायला. गेलॉर्डला."

"हे बघ, माझं ऐक. राहू दे."

"आता तूही नॉर्बसारखं बोलायला लागलीस? कागद सार्वजनिक आहेत, जोलीन. दे."

जोलीननं वही काढली, पान उघडलं आणि स्वतः उठून कॉफी करायला गेली. अर्डिसनं चष्मा लावला. ठराव: गावची अँब्युलन्स सेवा बंद करणे. मांडणार: गेलॉर्ड हॅन्के. अनुमोदन: अर्डिस टेस्के. बाजूनं एकेचाळीस, विरुद्ध बारा.

ती ओळ तिनं तीनदा वाचली.

तीस वर्षं गावसभेत अर्डिस मागच्या रांगेत, कॉफीच्या भांड्याजवळ बसायची. कुणी ठराव मांडला आणि अनुमोदन कोण देतं म्हणून शांतता पसरली, की ती तिथूनच ओरडायची, "दिलं." गटार असो, खडी असो, कुत्र्यांचा परवाना असो. ठराव काय आहे हे तिनं क्वचितच ऐकलं. सभा लवकर उरकावी, घरी ओव्हनमध्ये काहीतरी असतं, एवढाच तिचा हेतू. गाव हसायचं. नॉर्ब म्हणायचा, "अर्डिस आहे तोवर या गावात एकटा माणूससुद्धा ठराव पास करील." मागच्या एप्रिलमध्ये तिच्या कानावर एकच शब्द पडला होता. कर कमी. ती ओरडली होती, "दिलं."

मग तिला दुसरंही आठवलं, आणि ते पहिल्याहून वाईट होतं. विरुद्ध कोण म्हणून विचारलं तेव्हा शेजारी बसलेल्या नॉर्बनं हात वर केला होता. उजवा. तिनं त्याची बाही धरून तो खाली ओढला होता. "हात खाली घे. वेड लागलंय का तुला? बटाटे करपतील." नॉर्ब हसला होता आणि म्हणाला होता, "असू दे." आधीपासूनच म्हणायचा तो ते. झटक्यानं बाकीचे शब्द नेले, एवढंच.

जोलीननं कॉफी पुढे ठेवली. "गेलॉर्डनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली, "हे तुला कळू द्यायचं नाही म्हणून. म्हणाला, तिला मला शिव्या द्यायच्यात तर देऊ दे. तेवढ्यावर उभी आहे ती."

अर्डिसच्या कानशिलांत आग झाली. इतके महिने ती त्याला खिडकीतून, बाकावरून, पंपावर बोचत राहिली, आणि एका वाक्यात तिचं तोंड बंद करता येत असताना तो गप्प बसला होता. दया केली होती तिच्यावर. हात दाखवून अवलक्षण तिनं करून घेतलं होतं, आणि तो वर औदार्य दाखवत बर्फ लोटत होता. सूड घ्यावा तर त्याचं टोक स्वतःकडे, आणि सोडून द्यावा तर गेलॉर्ड हॅन्केच्या उपकाराखाली मरावं. यातलं दुसरं तिला जास्त झोंबलं.

घरी येऊन तिनं खांब उपटला आणि पाटी उलट्या तोंडानं पुरली. आता ५२चा आकडा तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलॉर्ड घरी भाजलेल्या अ‍ॅपल पायचं ताट घेऊन दारात आला. पाटी फिरलेली त्यानं पाहिली होती. टोपी हातात धरून तो म्हणाला, "अर्डिस, मला वाटलं, आता..."

"काय वाटलं? राग गेला?"

"तसंच काहीसं."

"गेला नाही. बघायची पाळी माझी आहे, म्हणून फिरवलीय. आणि यापुढे माझी कीव करायची असेल तर आधी मला विचारायचं." तिनं ताट घेतलं नाही. "मंगळवारी सभेला ये."

"अध्यक्षच आहे मी. येणारच."

"हो. म्हणूनच सांगतेय."

मंगळवारी टाउन हॉल भरला होता. हॉलच्या उत्तरेला अजून मळकं बर्फ साठलेलं होतं. अर्डिस नॉर्बची चाकाची खुर्ची ढकलत पहिल्या रांगेत घेऊन आली, तेव्हाच लोकांची कुजबूज सुरू झाली, कारण तीस वर्षांत तिला कुणी कॉफीच्या भांड्यापासून इतकं लांब बसलेलं पाहिलं नव्हतं. खडीचा ठराव आला. गेलॉर्डनं सवयीनं मागच्या रांगेकडे बघितलं. अनुमोदन द्यायला या खेपेला कुणी दुसराच पुढे आला.

नवीन विषय म्हटल्यावर अर्डिस उभी राहिली. तिनं जोलीनच्या पुढ्यातली इतिवृत्ताची वही उघडून वाचलं, सावकाश. "मांडणार, गेलॉर्ड हॅन्के. अनुमोदन, अर्डिस टेस्के. म्हणजे मी." "बाजूनं एकेचाळीस. विरुद्ध बारा. इथं चूक आहे, जोलीन. तेरा होते. तेराव्याचा हात मी खाली ओढला."

नॉर्ब तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"मी ठराव मांडते," ती म्हणाली, "गावची अँब्युलन्स परत सुरू करायची. कर वाढेल. माझाही वाढेल. मला कर आवडत नाही, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ठराव मांडला."

"अनुमोदन?" गेलॉर्डनं विचारलं.

लोक गोड वड्यांच्या ताटांकडे बघत होते, बुटांकडे बघत होते. कर वाढवायच्या ठरावाला आपलं नाव लागू नये, एवढीच प्रत्येकाची इच्छा. मांडणाऱ्याला स्वतःच अनुमोदन देता येत नाही. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर ठराव तिथंच मेला असता.

"गेलॉर्ड," अर्डिस म्हणाली. "मागच्या वर्षी तुझ्या ठरावाला मी अनुमोदन दिलं. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. आता तुझी पाळी."

"अध्यक्षानं अनुमोदन द्यायची पद्धत नाही, अर्डिस."

"मग खुर्चीवरून ऊठ."

गेलॉर्डची मान लाल झाली. कर वाढू देणार नाही, एवढ्या एका वाक्यावर तो अकरा वर्षं त्या खुर्चीत होता, आणि त्याला त्या खुर्चीत बसवणारे सगळे समोर बसले होते. त्यानं नॉर्बकडे बघितलं. मग सभेची लाकडी हातोडी शेजारच्याला दिली, टेबलाला वळसा घालून खाली आला आणि उभा राहिला.

"अनुमोदन देतो," तो म्हणाला.

"मोठ्यानं. मागं कॉफीपाशी ऐकू येत नाही. मला माहीत आहे."

"माझं चुकलं होतं, आणि मी अनुमोदन देतो," गेलॉर्ड मोठ्यानं म्हणाला.

अर्डिसला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं. आठ महिने तिनं हे वाक्य झोपेत ऐकलं होतं. पण ते ऐकून झाल्यावर या डुखाच्या यादीत एकच नाव उरलं होतं आणि ते तिचं स्वतःचं होतं.

बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं टेबलामागून कुणीतरी म्हणालं. हळूहळू हात वर येऊ लागले. गेलॉर्डचा आला. नॉर्बनं डावा हात उचलला, डोक्याच्या वर नेला. अर्डिसनं उजवा हात वर केला. मग डाव्या हातानं तिनं नॉर्बच्या मांडीवर पडलेला उजवा हात धरला, त्याच बाहीला, मनगटापाशी, आणि उचलून वर नेला. तो जड होता. तिनं तो खाली येऊ दिला नाही.

जोलीन पेन्सिलीनं एकेक हात मोजत पहिल्या रांगेशी आली आणि थांबली.

"अर्डिस," ती हळूच म्हणाली, "माणशी एकच हात."

"असू दे," नॉर्ब म्हणाला.

"तो मोजू नकोस," अर्डिस म्हणाली. "तो मागच्या वर्षीचा आहे."

ठराव दोन मतांनी पास झाला. लोक उठून कॉफीकडे गेले, तरी तिनं तो हात धरून ठेवला होता.